ट्रेकला चाकू न्यायचाय? मुंबईतून निघण्याआधी हे पाहून घ्या

पाऊस सुरू झाला की ट्रेकच्या ग्रुपांवर नवी मंडळी येतात. सॅक, बूट, पोंचो यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास पडतो: "फिक्स्ड ब्लेड चाकू घेतला तर चालेल का?" उत्तरं दोन टोकांची येतात. एक म्हणतो, "बिनधास्त घे, कोण विचारतंय!" दुसरा म्हणतो, "थेट आत जाशील." विचारणारा बिचारा तसाच राहतो आणि शेवटी ऑनलाइन दिसलेला सगळ्यात भारी चाकू मागवून मोकळा होतो.

फिक्स्ड ब्लेड म्हणजे न मिटणारा, म्यानात ठेवायचा चाकू. तो अडचणीत आणतो की नाही, हे पात्यापेक्षा तुम्ही तो कुठे, कधी आणि कसा नेता यावर जास्त ठरतं. म्हणून खरेदीचा भाग मी मुद्दाम मागे ठेवलाय.

## १. आधी ठरवा, चाकू हवाच आहे का?

एका दिवसाच्या ट्रेकला नको. पेब, राजमाची, लोहगड करून संध्याकाळच्या गाडीने परतणार असाल तर पात्याचं काम निघतं ते काकडी आणि सफरचंदापुरतं. काकडी घरून चिरून न्या.

मुक्काम असेल, स्वयंपाक स्वतः करणार असाल, दोऱ्या बांधून ताडपत्री ताणायची असेल, तर चाकू उपयोगी. त्यातही दहा-बारा जणांच्या गटात एक पुरतो, आणि तो लीडरकडे किंवा स्वयंपाक सांभाळणाऱ्याकडे असावा. पैसे भरून ग्रुपसोबत जाणार असाल तर आयोजकांना आधीच विचारा. अनेक जण थेट नाही म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही.

"बिबट्या आला तर?" "रात्री कुणी आडवं आलं तर?" या दोन कारणांसाठी चाकू घेऊ नका. बिबट्यापुढे चार इंचांचं पातं कुचकामी. गटाने राहणं, हातात टॉर्च असणं आणि अंधारात एकट्याने लांब न जाणं, हेच खरं कामाला येतं. माणसापुढे चाकू काढलात तर भांडणाचा गुन्हा होतो, आणि तो तुमच्या नावावर. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली व्याख्याच सांगते की हल्ला किंवा बचाव यासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. तेव्हा "सेल्फ डिफेन्ससाठी ठेवलाय" असं ज्या क्षणी तुम्ही म्हणता, त्या क्षणी भाजी चिरायचा चाकू तुम्ही स्वतःच शस्त्राच्या रांगेत नेऊन बसवता.

## २. कायदा: तीन चाळण्या

पहिली चाळणी, पात्याचं माप. केंद्राच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. जिथे तशी अधिसूचना लागू आहे तिथे या यादीतल्या शस्त्राला परवाना लागतो. ट्रेकचा चाकू ९ इंचांच्या आसपासही जायचं कारण नाही, त्यामुळे ही चाळणी सहज पार होते.

इथेच लोक फसतात. "नऊ इंचांच्या आत आहे, म्हणजे कुठेही चालतो" असं धरून बसतात आणि पुढचं वाचत नाहीत.

दुसरी चाळणी, मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठराविक काळासाठी शस्त्रबंदीचा आदेश काढू शकतात. त्यात तलवारी, भाले, बंदुका, काठ्या यांच्यासोबत चाकूही येतात. इथे इंचांचा हिशेब नाही. घडीचा स्विस नाइफही चाकूच. आदेश मोडला तर कलम १३५ खाली कैदेची शिक्षा होऊ शकते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे असे आदेश हमखास निघतात. गणपतीच्या दिवसांत कामावर सुट्टी असते म्हणून ट्रेक ठरतात, आणि नेमके तेव्हाच आदेश लागू असतात.

शिवाय हद्दी बदलतात. दादरहून कर्जतला जाताना तुम्ही मुंबई आयुक्तालयातून निघता, ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीतून बदलापूरपर्यंत जाता आणि पुढे रायगड जिल्ह्यात उतरता. गाडीत आणि फलाटावर लोहमार्ग पोलीस वेगळेच. वसई-विरारकडे गेलात तर २०२० पासून तिथे स्वतंत्र आयुक्तालय आहे. म्हणजे घरापाशी आदेश नाही म्हणून उतरायच्या ठिकाणीही नसेल, असं धरू नका. निघण्याआधी आदल्या दिवशी "शस्त्रबंदी व जमावबंदी आदेश" असं लिहून जिल्ह्याच्या नावासह शोधा. मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर बातमी सापडतेच. पावसाळ्यात हा शोध तसाही करायला हवा, कारण धबधबे आणि काही गड बंद ठेवण्याचे आदेशही याच सुमारास निघतात.

आदेश लागू असेल तर चाकू घरी. "माझं कारण चांगलं आहे" ही सबब फलाटावर सांगायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरी चाळणी, अभयारण्य. ही सगळ्यात कडक आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक, म्हणून हिला वेगळी पायरी.

## ३. गड अभयारण्यात आहे का, ते पाहा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतंही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हे लागू आहे. हत्यार म्हणजे काय, याची यादी त्याच कायद्यात दिली आहे. बंदुका, धनुष्यबाण, जाळी, फासे, विष, आणि त्याच ओळीत चाकू. किती इंची, कशासाठी, काही नाही. नुसतं चाकू.

आता मुंबईच्या आसपासचे आपले लाडके ट्रेक बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर शहरातच आहे. कान्हेरीला जाताना बोरिवलीचं मोठं गेट लागतं म्हणून ते लक्षात राहतं, पण ठाणेकर ज्याला रविवारची सहल समजतात ते येऊरही याच उद्यानाचं अंग आहे. पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात. आसनगावचा माहुली तानसा अभयारण्यात. वसईचं तुंगारेश्वर अभयारण्य. मुरुड-रोह्याकडचं फणसाड. खांडसहून शिडी घाटाने चढून जिथे पोचता ते भीमाशंकर अभयारण्य. आणि नव्या ट्रेकरची पहिली दोन मोठी स्वप्नं, १६४६ मीटरचं कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड, ही दोन्ही तर अभयारण्याच्या नावातच आहेत. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं.

गेटवर कुणी चाकू शोधत बसत नाही, हे खरं. पण प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी सॅक उघडायला लावतात आणि वनरक्षकाचा हात बाटलीच्या आधी म्यानावर पडतो. सगळी रांग मागे थांबलेली, तुम्ही कारणं सांगताय. त्यापेक्षा या ठिकाणी चाकू नेऊच नका. फळं चिरून न्या, कांदा घरी कापून डब्यात भरा, प्रथमोपचाराच्या पेटीत बोथट टोकाची छोटी कात्री ठेवा. कळसूबाईला जाताना बारी गावात जेवण सांगता येतं, हरिश्चंद्रगडाला पाचनईत आणि वर गडावरही. पिठलं-भाकरी करणाऱ्या मावशींकडे विळी असतेच.

अभयारण्य नाही म्हणजे मोकळं रान, असंही नाही. राखीव वनात झाड किंवा फांदी तोडणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हाच आहे. गावातला ठाकर दादा कमरेमागे कोयता अडकवून रानात जातो ते बघून तुम्ही अनुकरण करू नका. त्याचं ते रोजचं कामाचं अवजार आहे, आणि कुठल्या फांदीला हात लावायचा हे त्याला तुमच्यापेक्षा शंभरपट जास्त कळतं.

## ४. चाकू निवडताना

इथवर येऊनही चाकू घ्यायचाच असेल तर साधा घ्या.

पातं ९ ते १० सेंटिमीटर, जाडी अडीच-तीन मिलिमीटर, एकाच बाजूला धार. दोन्ही बाजूंना धार असलेला नको: ती कट्यार झाली आणि बघणाऱ्यालाही तशीच दिसते. बटण दाबलं की उघडणारा चाकू तर मुंबईत नावासकट बदनाम, त्याच्या वाटेलाच जाऊ नका. पाठीवर करवतीचे दाते, मुठीत होकायंत्र आणि आगकाडी भरलेले "सर्व्हायव्हल" चाकू ऑनलाइन स्वस्तात मिळतात. मूठ पोकळ असल्याने पातं तिथेच हलायला लागतं आणि होकायंत्र उत्तर दिशा कुठेही दाखवतं.

"फुल टँगच हवा", म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलंच हवं, असा आग्रह बरेच जण धरतात. लाकडं फोडणाऱ्याला ते लागतं. आपण लाकडं फोडणार नाही आहोत. स्वीडनच्या मोरा गावातले साधे प्लास्टिक मुठीचे चाकू जगभर वापरले जातात, त्यांच्या नेहमीच्या मॉडेलात पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, तरी कुणाचं काही अडत नाही.

पोलाद स्टेनलेस. कार्बन स्टीलला धार सुरेख लागते, पण जुलैच्या सह्याद्रीत ओलं ठेवलंत तर सकाळी तांबूस डाग दिसतात. टोमॅटो-लिंबाने ते काळवंडतं ते वेगळंच.

मुठीचा रंग लाल किंवा केशरी. कमरेएवढ्या गवतात पडला तर सापडतो, आणि सॅकमधून निघाला तर अवजारासारखा दिसतो. काळा, लष्करी थाटाचा चाकू काम तेवढंच करतो, पण संशय दुप्पट ओढवून घेतो.

म्यान कडक प्लास्टिकचं, खाली पाणी निघायला भोक असलेलं. चामड्याचं म्यान देखणं असतं, पण पावसाळ्यात आठवडाभर ओलं राहतं आणि त्याला बुरशी येते. दुकानात चाकू म्यानात घालून उलटा धरा आणि जोरात हलवा. सुटला तर घेऊ नका. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला हत्यारं-अवजारांची दुकानं आहेत, तिथे हातात धरून बघता येतं. कुठूनही घ्या, पक्कं बिल मागा.

आणि खरं सांगायचं तर स्वयंपाकघरातली पाच इंची सुरी, पुठ्ठ्याचं जाड वेष्टन करून चिकटपट्टीने बांधलेली, मुक्कामाच्या ट्रेकची नव्वद टक्के कामं करते.

## ५. सॅकमध्ये कसा ठेवायचा

एकच नियम: चाकू सामानात असावा, अंगावर नाही.

पट्ट्याला लटकवलेला चाकू फोटोत छान दिसतो. कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या उतरताना काय होतं ते बघा. पायऱ्या उंच, कडेला आधार नाही, म्हणून नवी माणसं बुड टेकत उतरतात. दर पायरीला म्यान दगडावर आपटतं, टोक वर सरकतं, मूठ बरगडीत घुसते. तीन-चार आपट्यांत म्यानाची पकड सैल होते आणि चाकू निसटतो. खाली ओळीने माणसं असतात.

म्हणून: चाकू म्यानात, म्यान जुन्या नॅपकिनमध्ये गुंडाळून, रबर लावून. हे पुडकं स्वयंपाकाच्या सामानात, म्हणजे टोप, चमचे, कांदे-बटाटे आणि छोटा चॉपिंग बोर्ड यांच्यासोबत एकाच पिशवीत. ती पिशवी सॅकच्या मधल्या कप्प्यात, खोल. वरच्या झाकणात नको, बाजूच्या जाळीत तर नकोच. असं ठेवलं की सॅक उघडणाऱ्याला न सांगता कळतं, हा कशासाठी आहे.

सोबत एवढं असू द्या:

- ओळखपत्र (आधार किंवा लायसन्स)
- चाकूचं बिल, फोनमध्ये फोटो असला तरी चालतो
- ट्रेकचा बेत: गावाचं नाव, मुक्काम, लीडरचा नंबर
- प्रथमोपचार: जाड गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक

## ६. लोकल, मेट्रो, विमान

मेट्रोत सॅक स्कॅनरमधून जाते आणि चाकू अडतो. घाटकोपर किंवा अंधेरी गाठायला मेट्रो धरायची सवय असेल तर त्या दिवशी रिक्षा किंवा बस. मेल-एक्स्प्रेस सुटणाऱ्या मोठ्या स्टेशनांवरही सामान तपासलं जातं.

लोकलमध्ये शनिवारी पहाटेची कर्जत-कसारा ट्रेकरांनी भरलेली असते, तिथे सॅककडे कुणी वळून बघत नाही. शुक्रवारी रात्री निघालात तर गर्दी कामावरून परतणाऱ्यांची असते. सॅक पुढे छातीशी घ्या किंवा रॅकवर टाका. आणि गाडीत चाकू बाहेर काढू नका. सीटवर बसून सफरचंद चिरणं तुम्हाला साधं वाटतं, समोरच्या बाईंना वाटेलच असं नाही.

विमानाने हिमालयात निघालात तर चाकू चेक-इनच्या सामानात, नीट गुंडाळून. हातातल्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत गेलाच समजा.

## ७. कुणी अडवलं तर

पोलीस असोत वा वनरक्षक, सॅक तपासायची म्हणाले की स्वतः हात घालून चाकू उपसू नका. आधी तोंडाने सांगा: "साहेब, आतल्या पिशवीत स्वयंपाकाच्या सामानात चाकू आहे. मी काढू की तुम्ही बघता?" मग ते म्हणतील तसं.

विचारलं तर खरं आणि थोडक्यात: कुठे चाललोय, किती जण, मुक्काम कुठे, जेवण आम्हीच करतो. कलमं ऐकवायला जाऊ नका. नऊ इंचांचा नियम तुम्हाला पाठ असला तरी मनाई आदेश त्यांना पाठ असतो. चाकू ठेवून घेतला तर पावती मागा, कोणतं ठाणं ते लिहून घ्या आणि गाडी पकडा. चारशे रुपयांच्या चाकूसाठी सगळ्यांचा ट्रेक बुडवू नका.

## ८. गडावर वापरताना

कापायला बसलात की हात लांब करून गोल फिरवा. त्या घेरात कुणी असेल तर थांबा किंवा त्याला उठवा. मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते आणि तिथली जखम गडावर आवरत नाही. धार कायम अंगापासून लांब. दुसऱ्याला देताना म्यानात घालून द्या किंवा खाली ठेवा, त्याने उचलावा. अंधारात, थकलेले असताना, पावसात बोटं बधिर झालेली असताना कापाकापी नको. काम झालं की लगेच म्यानात, "दोन मिनिटं" म्हणून कातळावर ठेवायचा नाही.

दोर लावलेल्या टप्प्यावर चाकू बाहेर काढायचा तो फक्त लीडरने. ताणलेल्या दोराला धार नुसती टेकली तरी तो तुटतो.

कापलंच तर स्वच्छ गॉज ठेवून घट्ट दाबा आणि दहा मिनिटं उघडून बघू नका. हात हृदयाच्या वर. रक्त थांबत नसेल तर १०८. जखम किरकोळ असली तरी परतल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

साप चावला तर चाकूला हातही लावू नका. चीर देऊन विष काढायचा प्रकार अजूनही कुणी ना कुणी सुचवतोच. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं, त्यात तुम्ही आणखी एक जखम करून देता. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं, बाकी काही नाही.

दगडात, दरवाज्यावर, लेण्यात चाकू चालवणाऱ्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढं माहीत असू द्या. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर हे गड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेत.

## ९. परतल्यावर

चाकू ओल्या म्यानात तसाच राहिला की बुधवारी आठवण होते आणि तोवर डाग पडलेले असतात. घरी पोचल्यावर धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, म्यान उलटं टांगून वाळवा. रात्रभर दोन्ही वेगळे. ठेवून देण्याआधी पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट फिरवा. पुढच्या वेळी भाजी चिरण्याआधी साबणाने धुवायचं तेवढं विसरू नका. खोबरेल तेल लगेच वापरायचं असेल तर ठीक, महिनोन्‌महिने ठेवलं तर चिकट होतं.

धार गेली तर सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याच्या चाकावर विळ्या-कात्र्या झकास होतात, पण पातळ पातं ठिणग्या उडेपर्यंत तापलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि धार टिकत नाही. बारीक निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) पाणी टाकून, एकच कोन धरून, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. निसणा नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कड चालते. धार लागली का ते अंगठ्याने नाही, वर्तमानपत्राचा कागद कापून बघा.